बेर शेवातलं मतदान, खुबेझाची भाजी आणि आईचं बोट

नवगावची_नात
२८ फेब्रुवारी २०२४

काल इथे मराठी भाषा दिनाचे धागे धो धो वाहत होते तेव्हा मी इस्रायलमधल्या बेर शेवात मतदानाच्या रांगेत उभी होते. बरोबर आई, वय ८०, आणि लेक, वय १७. तिघींत मिळून मराठी बोलणारी दीड माणसं. आई अख्खी, मी अर्धी. लेकीला ‘चल’, ‘जेव’ आणि ‘गप्प बस’ एवढं येतं, तेही आजीच्या तोंडून ऐकून.

आमच्याकडे काल देशभर नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. खरं तर त्या ३१ ऑक्टोबरला व्हायच्या होत्या. ७ ऑक्टोबरचा हमासचा हल्ला झाला, मग ३० जानेवारी ठरली, तीही टळली, आणि शेवटी काल. उत्तरेच्या सीमेवरची आणि गाझालगतची गावं रिकामी केलेली आहेत, तिथे कालही मतदान नव्हतं. तिथली माणसं अजून हॉटेलांत नाहीतर नातेवाइकांकडे.

इथे स्थानिक मतदानाला १७ वर्षं पुरतात, संसदेला १८ लागतात. म्हणजे माझी लेक सध्या महापौर निवडण्याइतकी शहाणी आहे, पंतप्रधान निवडण्याइतकी नाही. तिचं पहिलंच मतदान. सकाळपासून केस धुऊन तयार.

पद्धत सांगते. मशीन नाही. पडद्याआड पुठ्ठ्याचा खण-खण केलेला ट्रे असतो, त्यात चिठ्ठ्यांच्या गड्ड्या. पिवळी चिठ्ठी महापौराची, पांढरी नगर परिषदेच्या यादीची. पांढरीवर मोठ्या अक्षरात त्या यादीचं हिब्रू अक्षर. ना कमळ, ना पंजा, ना शिट्टी. चिठ्ठ्या पाकिटांत घालायच्या, पाकिटं पेटीत. प्रभाग हा प्रकारच नाही, अख्खं शहर एकच मतदारसंघ. त्यामुळे ‘आमच्या गल्लीचा नगरसेवक’ अशी चीज आम्हाला ठाऊक नाही. गटार तुंबलं की फोन करायचा आणि गाणं ऐकत बसायचं.

आई दारातच अडली. पर्समधून ओळखपत्र म्हणून काढलं ते दवाखान्याचं कार्ड. लेक धावत घरी जाऊन खरं ओळखपत्र घेऊन आली, तोवर आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो. मग आई आत गेली, पडद्याआड बराच वेळ लावला, बाहेर आली, पाकिटं पेटीत टाकली. आणि टेबलावरच्या मुलीसमोर डाव्या हाताची तर्जनी पुढे करून उभी राहिली.

मुलीने बोट हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. “सावता, दुखतंय का?” सावता म्हणजे आजी.

आई मराठीत म्हणाली, “अगं, शाई लाव ना.”

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आई १९६९ साली भारतातून इथे आली. तेव्हापासून एकही निवडणूक सोडलेली नाही आणि या देशात बोटाला शाई लावत नाहीत हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. भारतात तिने एकदाच मत दिलं होतं, फेब्रुवारी १९६७, भायखळ्याच्या एका शाळेत. तेव्हा वय लागायचं २१, तिचं होतं २३. लेक खो खो हसली, टेबलावरची मुलगीही हसली, आईसुद्धा हसली. मला मात्र हसायला जरा उशीर झाला.

परतताना तिने शाळेच्या कुंपणाकडेने खुबेझा खुडला. पिशवी नव्हती म्हणून माझ्या ओढणीत. रात्री लसूण-मिरचीवर परतून भाकरीबरोबर खाल्ला. भाषा दिन झाला साजरा.

---

अनुस्वार
२८ फेब्रुवारी

ताई, वाचून गलबललं. खुबेझा म्हणजे काय हो? आणि बेर शेवात भाकरीचं पीठ मिळतं?

---

पुणेरी_तिरकस
२८ फेब्रुवारी

‘गाणं ऐकत बसायचं’ ही सेवा आम्हाला नगरसेवक असतानाही मिळते. तुम्ही काही गमावलेलं नाही.

---

शनवार_तेली_ठाणे
२८ फेब्रुवारी

नवगावची, शलोम. आम्ही अजून इथेच आहोत, ठाण्यात. तुमच्याकडे मतदान दोनदा पुढे गेलं म्हणता, सगळं मिळून चार महिने. आमच्या पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक. मुंबईचंही तेच. शेवटचं मत दिलं २१ फेब्रुवारी २०१७ ला. चारचा प्रभाग होता, चारदा बटण दाबलं. त्यातल्या चौघांपैकी आता एकाचंही नाव आठवत नाही. बहुधा त्यांनाही आमचं नसेल.

तुमच्याकडे रानभाजी उगवली, आमच्याकडे थंडी गेली की थेट घाम. आमच्या इमारतीमागे काटेसावर आहे, ती फुलली की वसंत आला समजायचं. परवा अलिबागला गेलो होतो, आंबा मोहरलाय बऱ्यापैकी.

---

नवगावची_नात
२८ फेब्रुवारी

@अनुस्वार, खुबेझा ही पावसानंतर कुठेही उगवणारी रानभाजी. भेंडी-अंबाडीच्या कुळातली, म्हणून शिजली की जरा बुळबुळीत होते. पान गोल, घड्या पडलेलं, लहान मुलीच्या झग्यासारखं. फळं बटणाएवढी, चपटी, भाकरीसारखी दिसतात. अरबीत खुब्ज म्हणजे रोटी, त्यावरून नाव. १९४८ मध्ये यरुशलेमला वेढा पडला तेव्हा लोक हीच खाऊन राहिले, त्यामुळे इथे हिला मान आहे. आईला त्याचं काही नाही. ती म्हणते, “चाकवताची धाकटी बहीण.” चण्याची डाळ, दाणे आणि ताक घालून पातळ भाजीही करते, पण ताक असलं की त्या जेवणात मटण नाही. दूध आणि मांस एकत्र चालत नाही आम्हाला.

पीठ मिळतं. इथे आणि दिमोनात भारतीय दुकानं आहेत. तांदळाचं पीठ, कोकम, पापड, सगळं. कढीपत्ता मात्र कुंडीतलाच.

@शनवार_तेली, शलोम दादा! ठाण्याच्या त्या देवळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, माझ्या आजोबांचं लग्न लागलं होतं. बाहेर तळं आहे ना अजून?

---

शनवार_तेली_ठाणे
२८ फेब्रुवारी

शार हाशामाईम, १८७९. देऊळ जागेवर आहे, माणसं कमी झालीत. तळी ठाण्यात अजून पुष्कळ, पोहायला कोणी उतरत नाही.

---

मुक्काम_पोस्ट_सांगली
२९ फेब्रुवारी

एक बाळबोध प्रश्न, राग नसावा. तिथे फक्त ज्यूच मत देतात का? आणि तुम्हाला शनिवार तेली का म्हणतात?

---

नवगावची_नात
२९ फेब्रुवारी

राग कसला. मत सगळे नागरिक देतात, अरबही. स्थानिक निवडणुकीत तर नागरिक नसलेले पण कायमचे रहिवासीही देऊ शकतात. पूर्व यरुशलेममधल्या बहुतेक पॅलेस्टिनींना असा हक्क आहे, पण १९६७ पासून त्यांतले बहुतेक बहिष्कार घालतात.

शनिवार तेली असं की कोकणात आमचे पूर्वज घाणा चालवायचे आणि शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद ठेवायचे. परंपरा अशी सांगतात की नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, त्यांचे आम्ही वंशज. किती खरं ते देव जाणे. आडनावं मात्र पक्की कोकणी: पेणकर, दिवेकर, चेऊलकर, झिराडकर, राजपूरकर. इथल्या मतदार यादीत हिब्रूत ‘दिवेकर’ लिहिलेलं दिसलं की मला उगाच बरं वाटतं.

---

वरळी_नाका
२९ फेब्रुवारी

राजपूरकर वरून आठवलं. महालक्ष्मी स्टेशनबाहेरच्या डॉ. ई. मोझेस रोडवरून मी अठरा वर्षं कामाला गेलो. कायम वाटायचं कोणी पाद्री असणार. नंतर कळलं की हे डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर, बेने इस्रायली, १९३७-३८ चे मुंबईचे महापौर. तेव्हा लोक थेट महापौर निवडत नसत, नगरसेवक निवडायचे, एका वर्षासाठी. तरी बघा, मूठभर समाजातला माणूस त्या खुर्चीत बसला.

---

नवगावची_नात
२९ फेब्रुवारी

आणि गंमत ऐका. आईला हे नाव माहीत आहे, रस्ता माहीत आहे, ट्रामचा मार्गसुद्धा माहीत आहे. पण परवाच्या निवडणुकीत कोण जिंकलं हे तिने मला तीनदा विचारलं. जिंकले दानिलोविचच, २००८ पासून तेच आहेत. बेर शेवात महापौरपदाची चुरस नव्हतीच, जी काही मारामारी ती पांढऱ्या चिठ्ठीची.

---

कोऱ्या_पाटीवर
१ मार्च

मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिकडे गाझात रोज माणसं मरतायत, लेकरं उपाशी आहेत, आणि इथे फुलं, भाज्या, निवडणुका. कसं सुचतं?

---

पुणेरी_तिरकस
१ मार्च

त्यासाठी इथे चार धागे पेटलेले आहेतच. हा तरी राहू द्या.

---

नवगावची_नात
१ मार्च

राहू द्या, त्यांचा प्रश्न चूक नाही. उत्तर माझ्याकडे नाही. माझा भाचा ऑक्टोबरपासून राखीव सैन्यात आहे. आईने एलियाहू हन्नबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताचा, मलिदा बोलला आहे, तो सुखरूप परत यावा म्हणून. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. ताट अजून मांडलेलं नाही. बातम्यांत तिकडची बाई लेकराला कवटाळून बसलेली दिसली की आई टीव्ही बंद करत नाही, आवाज बंद करते आणि बघत राहते. याच्यापुढे मला लिहिता येत नाही.

---

हैफातला_नाशिककर
२ मार्च

मी हैफात संशोधन करतो, नागरिक नाही, मत नाही. पण तमाशा फुकट बघायला मिळाला. आमच्याकडे निवडणुकीचा एक मुद्दा काय होता सांगू? रानडुकरं! हैफा डोंगरावर वसलंय, मधून मधून खोल दऱ्या, त्यातून डुकरं वर येतात आणि भर वस्तीत पिल्लांसकट कचऱ्याचे डबे उलटवतात. एकदा रात्री मी आणि एक मादी जिन्यावर समोरासमोर. मीच खाली उतरलो.

२०१८ ला निवडून आलेल्या एनात कालिश-रोतेम या हैफाच्या पहिल्या महिला महापौर. त्या यंदा पडल्या. पण नव्या कुणालाच ४० टक्के मिळाले नाहीत. इथे ४० टक्क्यांखाली महापौर होत नाही, पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. ती १० मार्चला. त्या दिवशी मात्र सुट्टी नाही. पहिल्या फेरीला पगारी सुट्टी, दुसरीला कामावरून येऊन मत द्या!

बाकी दऱ्यांतून सध्या जी फुलं आहेत ती बघून घरची आठवण येत नाही, हे कबूल करतो. सायक्लामेन खडकाच्या फटीतून येतात, खाली मान घालून. आमच्या ब्रह्मगिरीवर असलं काही नाही. पण जांभूळ तरी आहे.

---

नवगावची_नात
२ मार्च

डुकरं! इकडे वाळवंटाच्या तोंडाशी उंट येतो रस्त्यावर, पण तो निदान कचरा काढत नाही.

फुलांचं लिहायचंच राहिलं होतं. मतदान झाल्यावर सुट्टीच होती म्हणून आम्ही लहावच्या रानात गेलो, इथून उत्तरेला गाडीने थोडंच. बदामाचा बहर जानेवारीत येतो, तो ओसरला होता. पण कलानियोत होत्या, शेवटच्या शेवटच्या. लाल, मधे काळा डोळा, खाली कोवळं गवत. मोहरी आणि पिवळी रानशेवंती तर रस्त्याकडेने गुडघाभर. आईने सवयीने एक लाल फूल केसात माळायला हात घातला तर लेक ओरडली. इथे रानफुलं तोडत नाहीत, बालवाडीपासून घोकून घेतात, कायदाच आहे. आई म्हणाली, “देवाला तरी?” लेक म्हणाली, देवाचीच आहेत, म्हणून. (हिब्रूत म्हणाली. भाषांतर माझं, आणि बहुधा मूळापेक्षा बरं.)

एरवी आम्ही फेब्रुवारीत गाझाच्या बाजूला जायचो, तिकडे लाल रंगाचे गालिचे असतात मैलोन्‌मैल. यंदा नाही गेलो.

---

दाते_नाही_कालनिर्णयही_नाही
३ मार्च

पंचांगाचा नाद म्हणून विचारतो. ज्यूंचा पुरिम सण तर फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो ना? यंदा २४ मार्च दाखवतायत.

---

शनवार_तेली_ठाणे
३ मार्च

अधिक महिना! तुमच्यासारखंच. चांद्रवर्ष आणि ऋतू यांचा मेळ बसवायला १९ वर्षांत ७ वेळा एक महिना वाढवतात. फरक एवढाच की तुमचा अधिक मास फिरता, गेल्या वर्षी श्रावण होता. आमचा ठरलेला, अदारच. पहिला अदार आणि दुसरा अदार. पुरिम दुसऱ्यात. २७ तारखेचं मतदान झालं ते १८ अदार, पहिला.

वल्हांडणाचा सण वसंतातच यायला हवा अशी तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, आज्ञा आहे, म्हणून हा खटाटोप. नाहीतर सण सरकत सरकत पावसाळ्यात जातील.

आमची जुनी माणसं पुरिमला काय म्हणायची माहितीय? होळीचा सण.

---

दाते_नाही_कालनिर्णयही_नाही
३ मार्च

काय सांगता! आणि यंदा होळीही २४ मार्चलाच आहे. पौर्णिमेच्या आसपास दोन्ही, आणि अधिकाचा हिशेब जुळला की एकाच दिवशी.

---

नवगावची_नात
३ मार्च

यरुशलेममध्ये पुरिम एक दिवस उशिरा असतो, २५ ला. म्हणजे तिकडे धुळवड!

आमच्या सणांची सगळीच नावं अशी. रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण. तिशा बआव हा उपासाचा दिवस, तो सुटला की वालाचं बिरडं, म्हणून बिरड्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दरफाळणीचा सण, दारं लावून घ्यायची. ही नावं घेणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची. माझ्या पिढीला कळतात, पुढच्यांना सांगावी लागतात.

---

अनुस्वार
४ मार्च

ताई, हे सगळं कुठेतरी नीट लिहून ठेवा.

---

नवगावची_नात
४ मार्च

इथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक १९८५ पासून निघतंय, त्यात पुष्कळ आलंय. मी लिहिते ते एवढंच, आणि तेही तुमच्या प्रश्नांमुळे.

---

हैफातला_नाशिककर
११ मार्च

दुसरी फेरी आटोपली. योना याहाव आले. वय ७९! २००३ ते २०१८ ते आधीही महापौर होतेच. डुकरांना अजून कळवलेलं नाही.

काल संध्याकाळी वादी निस्नास या अरब वस्तीतून घरी आलो. एकीकडे मतदान केंद्राबाहेर पत्रकांचा खच, दुसरीकडे रमजानचे दिवे लागत होते, आजपासून रोजे. एका दुकानदाराने मतदानाची बातमी लावली होती आणि समोर कतायफ, रमजानातलं गोड पक्वान्न, तळत होता. मत दिलं का विचारलं तर म्हणाला, “सकाळी सातला. आता उद्यापासून पोटात काही नसणार, राग तेव्हा काढेन.”

---

नवगावची_नात
२५ मार्च

होळीचा सण झाला. लेकीने खसखशीचे त्रिकोण केले, इथे त्यांना हामानचे कान म्हणतात. आईने पुरणपोळ्या. यंदा पुरण वाटायला मीच बसले, कारण तिने गूळ दोनदा घातला. काही बिघडलं नाही, थोड्या गोड झाल्या. तूप न लावता नारळाच्या दुधाबरोबर खाल्ल्या, दुपारी मटण होतं म्हणून. भाचा दोन दिवसांच्या सुट्टीवर आला होता, आठ खाल्ल्या आणि झोपला तो दुसऱ्या दिवशीच उठला. मलिद्याचं आईला विचारलं. म्हणाली, “आलाय कुठे, पाहुणा आलाय.”

---

शनवार_तेली_ठाणे
२० मे २०२४

धागा वर काढतोय. आज ठाण्यात लोकसभेचं मतदान झालं. उन्हाने जीव गेला, रांगेत पावणेदोन तास. नवगावची, तुमच्या आईंसाठी खास माझ्या बोटाचा फोटो जोडलाय. शाई ताजी आहे.

---

नवगावची_नात
२१ मे

दादा, फोटो दाखवला. तिने फोन माझ्या हातातून घेतला, दोन बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेला.

म्हणाली, “ही काय पद्धत? वरपासून खालपर्यंत रेघच ओढलीय. आमच्या वेळी ठिपका असायचा. इथे, नख आणि कातडी मिळते ना, बरोबर तिथे. काडीने. माझ्या पुढे पारसीण होती, तिने नेलपेंट खराब होईल म्हणून केवढा आरडाओरडा केला.”

---

दाते_नाही_कालनिर्णयही_नाही
२१ मे

आई बरोबर आहेत. रेघ २००६ पासून आली. त्याआधी ठिपकाच.

---

नवगावची_नात
२१ मे

सांगितलं तिला. म्हणाली, “मग.”